‘असतं तर’ इंग्रजीत कसं म्हणायचं? वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये आणि मेलमध्ये जर-तरचीच गर्दी आहे, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ढकलले आणि हे सगळे एकत्र घेतले. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिलीयेत, मोठ्याने वाचा, नुसतं डोळ्यांनी वाचून जर-तर बसत नाही.

प्रश्न: मॅडम, मी साताऱ्याला बँकेत आहे. हेड ऑफिसच्या कॉलवर मी म्हणालो, ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव सेंट.’ नंतर एक सहकारी म्हणाला पहिलं ‘वुड’ चूक आहे. पण अमेरिकन सिरीजमध्ये मी असं वाक्य कितीदा तरी ऐकलंय. मग खरं काय? आणि ते झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल काही केल्या लक्षात राहत नाही.

उत्तर: सहकारी बरोबर आहे आणि तुम्ही ऐकलंत तेही खरं आहे. अमेरिकेत बोलण्याच्या ओघात बरेच जण दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लावतात, बोलताना ते खपून जातं, पण लिहिताना तिकडेही ते चूक धरतात आणि आपल्याकडच्या परीक्षेत तर मार्क जाणारच. मात्र तुमच्या तोंडी ते सिरीज बघून आलं असं मला वाटत नाही, ते मराठीतून आलंय. आपण काय म्हणतो? ‘तुम्ही सांगितलं असतं तर मी पाठवलं असतं.’ ‘असतं’ दोनदा. शाळेत स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असं पाठ केलं होतं ना, त्यातला हा शेवटचा संकेतार्थ, आणि त्यात जर-वाला तुकडा आणि तर-वाला तुकडा दोन्ही एकाच साच्यातून निघतात, मग इंग्रजी बोलताना डोकं पहिल्या ‘असतं’लाही ‘वुड हॅव’ आणि दुसऱ्यालाही ‘वुड हॅव’ चिकटवून मोकळं होतं. हिंदी बोलणाऱ्यांचंही हेच होतं, त्यांचं ‘होता’ पण दोन्हीकडे बसतं.

इंग्रजीत दोन तुकड्यांचे कपडे वेगवेगळे. ‘वुड’ फक्त ‘तर’च्या बाजूला. ‘इफ’च्या बाजूला नुसता भूतकाळ, पण एक पायरी मागे सरकलेला: ‘इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव सेंट इट टू यू.’

आता त्या शेवटच्या ‘इट टू यू’कडे बघा, कारण तुमच्या वाक्यात खरी मोठी गडबड तिथे आहे आणि ती सहकाऱ्यालाही दिसली नाही. ‘आय वुड हॅव सेंट’ म्हणून तुम्ही थांबलात. मराठीत ‘मी पाठवलं असतं’ एवढं पुरतं, काय पाठवलं आणि कुणाला ते समोरच्याला माहीत असतं, आपण ‘ते’ आणि ‘तुम्हाला’ खुशाल गाळतो. इंग्रजीत ‘इट’ गाळता येत नाही. सेंट काय? इट. कुणाला तेही सांगायचं असेल तर टू यू. तसंच ‘सांगितलं असतं’ म्हणजे ‘आय वुड हॅव टोल्ड’ नाही, ‘आय वुड हॅव टोल्ड यू’, आणि कशाबद्दल ते माहीत असलं तर ‘आय वुड हॅव टोल्ड यू अबाउट इट’. ‘आलो असतो’ला ‘आय वुड हॅव कम’ चालतं, कारण येण्याला कर्म नसतं, पण तिथेही बोलताना ‘कम विथ यू’ असं शेपूट जोडलं की वाक्य पूर्ण वाटतं. ‘वाट बघितली असती’ म्हणजे ‘आय वुड हॅव वेटेड फॉर यू’. ‘विचारलं असतं’ म्हणजे ‘आय वुड हॅव आस्क्ड हिम’. क्रियापद पाठ करताना ते एकटं करू नका, त्याच्यामागचं सर्वनाम आणि प्रिपोझिशन (फॉर, टू, विथ असले छोटे शब्द) सकट करा, ‘वेटेड’ नाही, ‘वेटेड फॉर यू’, एका दमात. मग जर-तरमध्ये घातलं तरी शेपूट गळत नाही.

राहिलं ते झिरो-फर्स्ट-सेकंड-थर्ड. नंबर विसरा. स्वतःला एकच प्रश्न विचारा, ही गोष्ट अजून होऊ शकते का? होऊ शकते तर ‘इफ यू टेल मी, आय विल सेंड इट टू यू’. आत्ता तसं नाहीये, नुसती कल्पना, तर ‘इफ आय न्यू हिज नंबर, आय वुड कॉल हिम’. वेळ निघून गेली, आता काही उपयोग नाही, तर ‘इफ आय हॅड नोन हिज नंबर, आय वुड हॅव कॉल्ड हिम’. इथे मराठी आपल्याला दुसऱ्यांदा फसवते, कारण ‘माझ्याकडे नंबर असता तर मी फोन केला असता’ हे एकच वाक्य आपण आजच्यासाठीही वापरतो आणि गेल्या वर्षीच्या गोष्टीसाठीही. मराठीत बाजूच्या शब्दांवरून कळतं, ‘आत्ता’, ‘तेव्हा’, ‘काल’. इंग्रजीत क्रियापदालाच ते सांगावं लागतं. त्यामुळे इंग्रजीत बोलायच्या आधी मनातल्या मराठी वाक्याला ‘आत्ता’ की ‘तेव्हा’ लावून बघा, अर्धं काम तिथेच होतं.

प्रश्न: ‘इफ आय हॅड हॅड मनी’ असं पुस्तकात छापलंय. दोनदा ‘हॅड’ ही छपाईची चूक आहे का? – बारावीची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर: नाही गं, बरोबर आहे. पहिलं ‘हॅड’ मागची पायरी दाखवणारं, दुसरं ‘हॅड’ म्हणजे ‘हॅव’, जवळ असणं, त्याचं तिसरं रूप. ‘इफ आय हॅड गॉन’मधलं ‘गॉन’ काढून तिथे ‘हॅड’ ठेवलंय एवढंच. बोलताना पहिलं इतकं दाबून म्हणतात की ते ‘इफ आय'ड हॅड’ असंच ऐकू येतं. आणि तू ‘इफ आय हॅड मनी’ असं एकदाच लिहिलंस तर तेही व्याकरणात बसतं, फक्त अर्थ बदलतो, मग ते आत्ताचं झालं: आत्ता पैसे असते तर.

प्रश्न: मी सबटायटल लावून इंग्रजी बघतो. ‘आय'ड’ हे कधी ‘आय हॅड’ असतं आणि कधी ‘आय वुड’, कसं ओळखायचं? आणि लोक ‘शुड ऑफ’ का लिहितात? – जळगाव

उत्तर: पुढच्या शब्दाकडे बघा. साधं मूळ रूप आलं, गो, कम, टेल, तर ते ‘वुड’: ‘आय'ड टेल हर’. तिसरं रूप आलं, गॉन, टोल्ड, सीन, तर ते ‘हॅड’: ‘आय'ड टोल्ड हर ऑलरेडी’. पुढे ‘हॅव’ आलं की बहुतेक वेळा ‘वुड’: ‘आय'ड हॅव टोल्ड हर’. ‘बेटर’ आलं तर ‘हॅड’, कारण ते ‘हॅड बेटर’ असतं: ‘यू'ड बेटर आस्क हिम फर्स्ट’, म्हणजे आधी त्याला विचारलेलं बरं, नाहीतर पंचाईत. ‘रादर’ आलं तर आजकाल ‘वुड’ समजा.

आता एकाच वाक्यात दोन्ही: ‘इफ आय'ड नोन, आय'ड हॅव कम विथ देम.’ पहिलं हॅड, दुसरं वुड. ही जोडी एकदा कानात बसली की पहिल्या प्रश्नातली दोन ‘वुड’वाली चूकही आपोआप जाते, कारण मग तुम्ही नियम लावत नाही, चाल लावता.

‘शुड ऑफ’चं म्हणाल तर ती ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांची चूक आहे, आपली नाही! ‘शुड हॅव’ पटकन म्हणताना ‘ह’ पडतो आणि ‘शुडअव्’ उरतं, त्याहून घाईत ‘शुडा’. ‘ऑफ’चा, म्हणजे एकाच एफच्या ‘ऑफ’चा, उच्चारही बोलताना ‘अव्’ असाच होतो. मग कानावरून लिहिणारी तिकडची मुलं ‘हॅव’च्या जागी ‘ऑफ’ लिहून मोकळी होतात आणि त्यांच्या मास्तरांचं लाल पेन चालू होतं. आपण इंग्रजी पुस्तकातून शिकलो त्यामुळे आपल्या हातून हे सहसा होत नाही, पण ऐकताना मात्र आपण अडतो, कारण आपल्याला प्रत्येक शब्द सुटा ऐकायची सवय. ‘यू कुडा टोल्ड मी’ असं कानावर आलं की घाबरायचं नाही, ते ‘कुड हॅव टोल्ड मी’ आहे. सांगता आलं असतं की मला.

प्रश्न: ताई, मी कोल्हापूरची. मुलगी न्यू जर्सीत असते, मी सहा महिने तिच्याकडे येऊन राहते. मुलीला मी व्हॉट्सअपवर लिहिलं, ‘आय वुड हॅव पिक्ड अप हर फ्रॉम स्कूल.’ नात हसली आणि म्हणाली, आजी, ‘पिक्ड हर अप’. पण मग परवा मी ‘लुक हर आफ्टर’ म्हटलं तर पुन्हा हसली. एकदा मधे घाला म्हणते, एकदा घालू नका म्हणते. नक्की करायचं काय?

उत्तर: काकू, नात दोन्ही वेळा बरोबर आहे आणि तुमचा वैतागही बरोबर आहे, कारण वरून बघितलं तर दोन्ही सारखेच दिसतात, क्रियापद आणि त्याच्यामागे एक छोटा शब्द. पण आतून वेगळे आहेत.

‘पिक अप’मधला ‘अप’ हा क्रियापदाचाच तुकडा आहे, तो नातीशी जोडलेला नाहीये. असे तुकडे सुटे होतात, आणि नाव असेल तर कुठेही ठेवा, ‘पिक अप द चाइल्ड’, ‘पिक द चाइल्ड अप’, दोन्ही चालतं. पण सर्वनाम असेल, हर, हिम, इट, देम, मी, तर ते मधेच जातं. ‘पिक हर अप’, ‘टर्न इट ऑफ’, ‘पुट देम अवे’, ‘कॉल मी बॅक’, ‘ड्रॉप हिम ऑफ’. सर्वनाम हलकं असतं, वाक्याच्या शेवटी त्याला जोर देता येत नाही, म्हणून ते आत घुसतं. मोठ्याने म्हणून बघा, ‘टर्न इट ऑफ’, जोर ‘ऑफ’वर पडतो.

‘लुक आफ्टर’मधला ‘आफ्टर’ मात्र नातीशी जोडलेला आहे. तो खराखुरा प्रिपोझिशन, आणि प्रिपोझिशन ज्याच्यासाठी आलाय त्याच्या पुढ्यातच उभा राहणार: ‘लुक आफ्टर हर’, ‘वेट फॉर हिम’, ‘लिसन टू मी’, ‘लुक फॉर इट’, ‘लुक ॲट देम’.

ओळखायचं कसं? खरं सांगायचं तर शंभर टक्के चालणारी युक्ती नाही. पण तुमच्या रोजच्या वापरात एवढं लक्षात ठेवलंत तरी काम भागेल: छोटा शब्द अप, डाउन, ऑफ, आउट, बॅक, अवे यातला असेल तर सर्वनाम बहुतेक वेळा मधे. ॲट, फॉर, टू, विथ, आफ्टर असेल तर सर्वनाम शेवटी. ‘बसमधून उतर’ला ‘गेट ऑफ इट’च म्हणतात, मधे नाही, अशी एखादी आडमुठी निघतेच. आणि तीन शब्दांची गाडी असेल, ‘पुट अप विथ’, ‘गेट ऑन विथ’, ‘कॅच अप विथ’, तर सर्वनाम नेहमी अगदी शेवटी: ‘आय कुडन्ट हॅव पुट अप विथ हिम’, मी नसतं बाई सहन केलं त्याला.

आता तुमचं वाक्य जर-तरमध्ये घालून नातीला पाठवा: ‘इफ यू'ड कॉल्ड मी, आय'ड हॅव पिक्ड यू अप ॲण्ड लुक्ड आफ्टर यू टिल मम्मी केम बॅक.’ दोन्ही प्रकार एकाच वाक्यात. बघू आता हसते का.

प्रश्न: आमच्या पुण्याच्या ऑफिसात सगळे ‘द मीटिंग वुड बी हेल्ड टुमॉरो’, ‘आय वुड बी ऑन लीव्ह’ असं लिहितात. नवीन आलेली ब्रिटिश मॅनेजर विचारते, इफ व्हॉट? तिला काय कळत नाही?

उत्तर: तिला खरंच कळत नाहीये, टोमणा नाही तो. ‘आय वुड बी ऑन लीव्ह’ वाचून तिच्या डोक्यात जर-तरचा अर्धा भाग येतो, रजेवर असते, पण काय झालं असतं तर? मग ती ‘इफ’ शोधत बसते. आपल्याकडे ‘वुड’ हे ‘विल’चं सभ्य रूप आहे असा समज कुणी कधी करून दिला देव जाणे, सरकारी पत्रांपासून आयटीपर्यंत सगळीकडे पसरलाय. विनंतीत ‘वुड’ सभ्य असतंच, ‘वुड यू सेंड इट टू मी?’ हे ‘विल यू’पेक्षा मऊ. पण माहिती देताना, मीटिंग ठरलेली आहे, रजा मंजूर झालेली आहे, तिथे ‘विल’: ‘द मीटिंग विल बी हेल्ड टुमॉरो’, ‘आय विल बी ऑन लीव्ह’ किंवा नुसतं ‘आय ॲम ऑन लीव्ह टुमॉरो’.

याचाच एक भाऊ आहे, तो जास्त त्रासदायक. ‘तो आत्तापर्यंत पोहोचला असेल’ला आपण म्हणतो ‘ही वुड हॅव रीच्ड’. साहेबीण पुन्हा विचारणार, इफ व्हॉट? कारण तिला ते ‘पोहोचला असता’ असं ऐकू येतं. मराठीत ‘असेल’ आणि ‘असता’ दिसायला जवळजवळ सारखे, पण अर्थात जमीन-अस्मान: ‘असेल’ म्हणजे अंदाज, ‘असता’ म्हणजे झालंच नाही. अंदाजाला ‘मस्ट हॅव’ किंवा ‘विल हॅव’ घ्या, ‘ही मस्ट हॅव रीच्ड होम बाय नाउ’. खात्री कमी असेल तर ‘माइट हॅव’. आणि त्यात ‘होम’ आहे बघा, ‘रीच’ला ठिकाण लागतं, नुसतं ‘ही रीच्ड’ आपल्याकडेच चालतं. ठिकाण सांगायचं नसेल तर ‘ही मस्ट हॅव अराइव्ह्ड’. आणि ‘रीच्ड टू होम’ कृपा करून नको.

हाताशी ठेवायला: पोहोचला असता, ‘वुड हॅव’. पोहोचू शकला असता, ‘कुड हॅव’. पोहोचायला हवा होता, ‘शुड हॅव’. पोहोचला असेल, ‘मस्ट हॅव’ किंवा ‘माइट हॅव’. हे चार सुटे सुटे आले की ऑफिसचं ऐंशी टक्के जर-तर आलंच असं समजा.

प्रश्न: ‘ॲन्ग्री ऑन हिम’, ‘मॅरीड विथ हिम’, ‘डिस्कस अबाउट इट’, ‘आस्क टू हिम’, ‘एक्सप्लेन मी’ हे सगळं चूक आहे असं मुलाच्या टीचरनी लिहून पाठवलं. का चूक ते लिहिलं नाही. – ठाणे

उत्तर: कारण आपण विभक्तीचं भाषांतर करतो. त्याच्यावर रागावले, म्हणून ‘ऑन’. त्याच्याशी लग्न झालं, म्हणून ‘विथ’. त्याबद्दल चर्चा, म्हणून ‘अबाउट’. त्याला विचार, म्हणून ‘टू’. आणि ‘मला समजाव’मध्ये ‘ला’ क्रियापदाला इतका चिकटलेला वाटतो की तिथे उलट ‘टू’ खाल्लं जातं.

इंग्रजीत: ‘ॲन्ग्री विथ हिम’ किंवा ‘ॲट हिम’. ‘मॅरीड टू हिम’, पण क्रिया म्हणून नुसतं ‘मॅरी हिम’, म्हणून ‘त्याच्याशी लग्न केलं नसतं’ हे ‘आय वुडन्ट हॅव मॅरीड हिम’, मधे काही नाही. ‘डिस्कस इट’, पण ‘टॉक अबाउट इट’. ‘आस्क हिम’, ‘टेल हिम’, पण ‘से टू हिम’, ‘एक्सप्लेन इट टू मी’. यामागे मोठं तत्त्व वगैरे शोधू नका, प्रत्येक क्रियापदाचं आपलं आपलं खटलं आहे. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला आपण तरी काय सांगणार, की मुलाला ‘त्याला मार’ आणि ‘त्याच्यावर ओरड’ आणि ‘त्याच्याशी भांड’ असं तीन तऱ्हेने का म्हणायचं?

एक गोष्ट मात्र मराठी माणसाला फुकट मिळते आणि ती कुणी वापरत नाही. प्रिपोझिशननंतर ‘ही’ नाही, ‘हिम’ येतो, ‘आय’ नाही, इंग्रजीतला ‘मी’. हे आपल्या सामान्यरूपासारखंच आहे. ‘तोसाठी’ कुणी म्हणत नाही, ‘त्याच्यासाठी’ म्हणतो. ‘मीबरोबर’ नाही, ‘माझ्याबरोबर’. मग ‘बिट्वीन यू ॲण्ड आय’ म्हणजे ‘तुझ्या आणि मीमध्ये’ झालं की! ‘बिट्वीन यू ॲण्ड मी’. ‘ही वुड हॅव गॉन विथ माय वाइफ ॲण्ड आय’ हेही तसलंच, छान छान बोलायच्या नादात लोक इंग्रजीतल्या ‘मी’ला गावंढळ समजतात. बायकोला वाक्यातून काढून बघा, ‘गॉन विथ आय’ म्हणाल का?

आणि मुलाच्या टीचरनी प्रिपोझिशन वाक्याच्या शेवटी आणू नये असंही लिहिलं असेल, काही जण लिहितात, तर तेवढं सोडून द्या. 1672 मध्ये जॉन ड्रायडन या कवीने बेन जॉन्सनच्या लिखाणात असली शेवटची प्रिपोझिशनं हेरून नाकं मुरडली आणि पुढे त्याचा नियम झाला. इंग्रज लोक तेव्हाही ‘हू वुड यू हॅव गॉन विथ?’ म्हणत होते आणि आजही म्हणतात. तुमचा मुलगा ‘विथ हूम वुड यू हॅव गॉन?’ म्हणून खेळाच्या मैदानावर गेला तर मुलं त्याला कीर्तनकार समजतील.

प्रश्न: ‘इफ आय वॉज यू’ की ‘इफ आय वर यू’? – लातूर

उत्तर: लिहिताना ‘वर’. बोलताना इंग्रज स्वतःच ‘वॉज’ म्हणतात, त्यात कुणी पकडत नाही, पण ‘इफ आय वर यू’ हे इतकं ठरून गेलेलं आहे की तिथे ‘वर’च कानाला बरं लागतं. मराठीत आपण जागा आणतो, ‘तुझ्या जागी मी असतो तर’. इंग्रजीत ‘इन युअर प्लेस’ चालतं, पण रोजच्या बोलण्यात थेट ‘इफ आय वर यू’. ‘मी तुझ्या जागी असते तर त्याच्याशी बोललेच नसते’ हे ‘इफ आय वर यू, आय वुडन्ट हॅव टॉक्ड टू हिम’. नुसता इशारा द्यायचा असेल तर उलटं करून ‘आय वुडन्ट, इफ आय वर यू’, म्हणजे बाबा, त्या वाटेला जाऊ नको.

याच खोलीत अजून दोन आहेत. ‘माझ्या हातात असतं तर’ म्हणजे ‘इफ इट वर अप टू मी’. आणि ‘तू नसतास तर’. हे मराठीत एवढंसं, दोन-तीन शब्द. त्याचं ‘इफ यू वर नॉट’ केलंत तर इंग्रज पुढच्या शब्दाची वाट बघत राहील, नॉट काय? तिथे ते ‘इट’ आणतात आणि ‘फॉर’ आणतात: ‘इफ इट वरन्ट फॉर यू’, आणि होऊन गेलेलं असेल तर ‘इफ इट हॅडन्ट बीन फॉर यू’. ‘तुम्ही नसतात तर आमची ट्रेन चुकली असती’, ‘इफ इट हॅडन्ट बीन फॉर यू, वी वुड हॅव मिस्ड इट.’ हे मात्र अख्खं पाठच करा, फोड करून समजून घ्यायला गेलात तर त्या ‘इट’चं काय करायचं ते कळणार नाही. ‘इट इज रेनिंग’मधल्या ‘इट’सारखंच आहे ते, कोण पडतंय ते विचारायचं नाही.

प्रश्न: ‘अन्टिल यू डोन्ट कम, आय वोन्ट गो’ यात चूक काय? – पणजी

उत्तर: एक नकार जास्त झाला. ‘तू येत नाहीस तोपर्यंत मी जाणार नाही’ यात आपल्याला ‘नाही’ दोनदा लागतो, इंग्रजीत ‘अन्टिल’ला नकार नको: ‘आय वोन्ट गो अन्टिल यू कम.’ ‘अनलेस’च्या पोटात तर नकार आधीच बसलेला आहे, म्हणून ‘अनलेस यू टेल मी’ म्हणजेच ‘तू सांगितलं नाहीस तर’. बोर्डाच्या पेपरात ‘अनलेस’ वापरून वाक्य पुन्हा लिहा असं आलं की मुलं ‘इफ’ काढतात, ‘अनलेस’ ठेवतात आणि ‘डोन्ट’ तसंच विसरतात, अर्थ बरोब्बर उलटा होतो.

आणि इथे ‘विल’ही नको. ‘अन्टिल यू विल कम’, ‘इफ इट विल रेन’ नाही, ‘इफ इट रेन्स’. आपण तर ‘पाऊस आला तर’ म्हणतो, चक्क भूतकाळ वापरतो पुढच्या गोष्टीला! त्यावरून काही जण ‘इफ इट रेन्ड’ करतात, ते व्याकरणात बसतं पण मग ‘समजा पडलाच, पडणार नाहीये म्हणा’ असा सूर लागतो. छत्री घेताना ‘इफ’ नाही, ‘टेक इट विथ यू, इन केस इट रेन्स’.

प्रश्न: ‘इफ एनीवन कॉल्स, टेल हिम आय ॲम आउट’ की ‘टेल देम’? एकट्या माणसाला ‘देम’ कसं? दुसरं, आमचे बाबा ‘ते’, मग ‘माय फादर, दे’ का नाही? – अहिल्यानगर

उत्तर: ‘टेल देम’. फोन करणारा बाई की बाप्या माहीत नाही, म्हणून ‘देम’. हे काही आजकालचं फॅड नाही, एकट्यासाठी ‘दे’ 14 व्या शतकापासून इंग्रजीत सापडतं. ‘इफ समवन हॅड आस्क्ड मी, आय'ड हॅव टोल्ड देम.’

बाबांचं मात्र नाही. इंग्रजीत आदरार्थी अनेकवचन नाही, बाबाही ‘ही’, शेजारचा गण्याही ‘ही’ आणि राष्ट्रपतीही. तुम्ही ‘माय फादर वुड हॅव कम बट दे वर बिझी’ म्हणालात तर समोरचा विचार करेल, अजून कोण बिझी होतं? आदर दाखवायचा तर तो शब्दांच्या निवडीत दाखवा, सर्वनामात जागा नाही. उलट गोष्ट वस्तूंची: आपला डबा ‘तो’, गाडी ‘ती’, म्हणून ‘ही इज इन द किचन’ म्हणत डब्याबद्दल बोलणारे मी पाहिलेत. डबा ‘इट’. ‘इफ यू'ड लेफ्ट इट ऑन द टेबल, आय'ड हॅव सीन इट.’

प्रश्न: लंडनला ट्रेनमध्ये एका बाईंना विचारलं, ‘वुड यू माइंड इफ आय सॅट हिअर?’ त्या हसून ‘नो’ म्हणाल्या. मी उभाच राहिलो, पूर्ण दोन स्टेशनं. – सांगली

उत्तर: अहो, बसायचं होतं! ‘माइंड’ म्हणजे हरकत असणं. हरकत आहे का, नाही, बसा. आपण मनातल्या मनात ‘बसलं तर चालेल का’ असं विचारतो आणि ‘नो’ ऐकून ‘चालणार नाही’ समजतो. तुम्हाला कुणी असं विचारलं तर ‘यस’ म्हणू नका, माणूस निघून जाईल, ‘नॉट ॲट ऑल’ म्हणा आणि थोडं सरका. आणि खरंच बसू द्यायचं नसेल, बरोबरचा माणूस येणार असेल, तर ‘आय'ड रादर यू डिडन्ट, आय ॲम सेव्हिंग इट फॉर हिम’. त्यातला तो ‘डिडन्ट’ भूतकाळ नाही बरं का.